ॲग्रीला नंबर लागला

पोखर्णीत शेतकऱ्याच्या पोराला शेतीतून सोडवायचे दोन रस्ते सगळ्यांना पाठ आहेत. एक नृसिंहाला नवस, दुसरा शेतीचं कॉलेज. शहाणी घरं दोन्ही करून ठेवतात, कारण देव मेरिट लिस्ट लावत नाही आणि कॉलेज नवसाला पावत नाही.

“शेतीत काही राम राहिला नाही, म्हणून लेकराला ॲग्रीला टाकलं,” हे वाक्य आमच्याकडे हॉटेलात चहाबरोबर रोज ऐकू येतं. ऐकणारे माना डोलावतात. डॉक्टरकीत काही राहिलं नाही म्हणून मेडिकलला घातलं, असं कुणी म्हणालं तर त्याला धरून घरी नेऊन झोपवतील. ॲग्रीच्या बाबतीत मात्र कुणाला काही खटकत नाही. खरं सांगायचं तर मलाही खटकत नाही, कारण बापाचा हिशेब मला ठाऊक आहे. उभ्या जन्मात शेती केली म्हणजे तो कायम कुणाच्या तरी टेबलापुढे उभा राहिला. कधी तलाठ्याच्या, कधी बँकेतल्या साहेबाच्या, कधी पीकविम्याचे फोटो काढायला आलेल्या पोराच्या. ऊन, चिखल, रानडुकरं हे सगळं तो सोसतो. टेबलाच्या अलीकडे उभं राहणं त्याला सोसत नाही. लेकरानं पलीकडे बसावं, एवढीच त्याची कृषिक्रांती. आणि पलीकडे जायची वाट बी.एस्सी. ॲग्रीतून जाते हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मंडळ कृषी अधिकारी ॲग्रीवाला, पीककर्जाची फाइल त्रुटी काढून परत देणारा ॲग्रीवाला, आणि एमपीएससीतून तहसीलदार झालेला कुणाच्या तरी साडूचा पुतण्या, तोही ॲग्रीवालाच.

माझ्या थोरल्या भावाचा हिशेब याहून वेगळा नव्हता. यंदा पुतण्याचा नंबर लागला आणि स्वागत समारंभाला अख्खं घर निघालं.

तसं विद्यापीठ आम्हाला परकं नाही. गाव परभणी–गंगाखेड रस्त्यावर, परळीच्या लाइनवर स्टेशन, तालुका परभणीच. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मेला असतो. त्या दिवशी खरिपाचा मेळावा भरतो, बियाण्याची विक्री सुरू होते, आणि दादा पहाटेच्या गार वाऱ्यात त्या रांगेत उभा असतो. म्हणजे आमच्या घरातलं कुणीतरी विद्यापीठात जातंच आहे, फक्त आजवर पदवीऐवजी पिशवी घेऊन परत येत होतं. हे विद्यापीठ निघालं १९७२ साली. त्याच साली मराठवाड्यात असा दुष्काळ होता की त्याच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून सांगतात. शेतीचं विद्यापीठ काढायला याहून धाडसी मुहूर्त कुठल्या जोशाला सापडला नसता. परभणीचं कृषी महाविद्यालय तर त्याच्याही आधीचं, १९५६ चं. मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात आला ते साल.

तिथली वाणं दादाला पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्की पाठ आहेत. सोयाबीनची एमएयूएस ७१, १६२, ६१२. तुरीची बीडीएन ७११, ७१६. शिवाय भेंडीची ‘परभणी क्रांती’ आहेच. दुनियेत क्रांत्या राजवाड्यांवर चालून गेल्या, आमच्या जिल्ह्यात ती भेंडीत झाली, आणि पानाच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला तिनं बरेच दिवस दाद दिली नाही. पुढे २०१८ साली ज्वारीची ‘परभणी शक्ती’ आली, तिच्यात लोह आणि जस्त जास्त. हे सगळं दादाला येतं. पुतण्याला यातलं एकही येत नाही. त्याला सीईटीत पडलेले गुण दशांशासहित येतात.

प्रवेशाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की घरात अजून कुणाचा तरी रक्तदाब वाढतो. आमच्या गावचा देव ज्या राक्षसासाठी खांबातून बाहेर आला त्या हिरण्यकश्यपूनं वर मागून ठेवला होता, की मरण ना दिवसा यावं ना रात्री, ना घरात ना बाहेर. प्रवेशफेऱ्यांचं वेळापत्रक त्याच्याच वंशजांकडे असावं. यादी लागते ती तिन्हीसांजेला. पोरगं ना आत असतं ना बाहेर, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत उंबरठ्यावर. निकाल लागतो तेव्हा पेरणीची गडबड असते आणि फेऱ्या संपतात तेव्हा सोयाबीन काढायला आलेलं असतं. शेतीच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश शेतकऱ्याच्या मुलानं नेमका शेतात माणूस हवा असतो त्याच दिवसांत घ्यायचा, यात काहीतरी खोल शैक्षणिक विचार असणार.

मग फाइल. मार्कमेमो, टीसी, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, डॉक्टरचं फिटनेस, रॅगिंग करणार नाही याचं मुलाचं हमीपत्र आणि तो करणार नाही याचं बापाचं हमीपत्र. या सगळ्यांच्या वर, देवघरात गणपती ठेवावा तसा, सातबारा. शेतकऱ्याच्या मुलाला प्रवेशात गुणांचा अधिभार मिळतो, त्याचा हा पुरावा. दादानं डिजिटल सहीचा काढला होता, पण मनात शंका नको म्हणून तलाठ्याच्या शिक्क्याचाही एक बरोबर ठेवला होता.

या सातबाऱ्याचं मला नेहमी नवल वाटतं. प्रवेशाला तो लागतो, कर्जाला लागतो, लग्नालाही लागतो. सोयरीक जुळवताना मुलीकडचे विचारतात, “शेती किती?” आकडा ऐकून समाधानानं मान हलवतात आणि मग काळजीनं विचारतात, “पोरगा शेती तर करत नाही ना?” नाही म्हटलं की सुपारी फुटते. जमीन पाहिजे, पण तिच्यात उतरणारा जावई नको. कॉलेजचंही तसंच. तिथे खिडकीतल्या बाईंनी गट नंबर बघितला, क्षेत्र बघितलं, खातेदाराचं नाव बघितलं. पिकाच्या रकान्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही. खातेदार म्हणून दादाचं नाव. वहिनी लग्न होऊन आल्यापासून त्या रानात खुरपतेय, तिचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. तिनं फाइल मात्र पूर्ण दिवस छातीशी धरली होती, दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

कॉलेज कोणतं ते सांगत नाही. विद्यापीठाची स्वतःची परभणीला आहेत, लातूरला आहेत, अंबाजोगाई, बदनापूर, धाराशिव, गोळेगावला आहेत, वर खासगी आहेतच. स्वागत सगळीकडे एकाच साच्यातलं. पूर्वी त्याला नुसतं ‘प्रथम वर्षाचं स्वागत’ म्हणत. आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीनं अभ्यासक्रम बदलला आणि सुरुवातीला दोन आठवड्यांचा ‘दीक्षारंभ’ आला. पत्रिकेवर हा शब्द वाचून आमच्या आत्याबाईंनी विचारलं, “लेकराला माळ घालणार का काय?” त्यांना समजावून सांगितलं, तरी निघताना त्यांनी पोराच्या पिशवीत बुक्क्याची पुडी टाकलीच.

सभागृहात पालकांना पुढच्या रांगा आणि मुलांना मागच्या. सरस्वतीचा फोटो, वसंतराव नाईकांचा फोटो, समई, आणि हारतुऱ्यांऐवजी पाहुण्यांना देण्यासाठी कुंडीतली रोपं. रोपं बघून पहिल्या रांगेतल्या चार-पाच जणांची मान एकदमच तिकडे वळली. “पाणी जास्त झालंय,” एक जण हळूच म्हणाला. बाकीच्यांनी दुजोरा दिला. व्यासपीठावर सगळे डॉक्टरेट होते, पण कुंडीचं निदान खुर्च्यांमध्ये झालं.

प्रमुख पाहुण्यांनी शेतकरी हा देशाचा कणा आहे असं सांगितलं. कण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणून घेतलं; परभणीकर समोर असले की ही टाळी कुठल्याही पाहुण्याला हुकमी मिळते. मग ते म्हणाले, तुम्ही नोकरी मागणारे नाही, नोकरी देणारे व्हा. इथे टाळी आली नाही. दादानं माझ्याकडे असं बघितलं, की आपण चुकीच्या कार्यक्रमाला तर आलो नाही? शेजारच्या जिंतूरकडच्या गृहस्थांनी त्याला धीर दिला, “म्हणू द्या हो. ह्यांना पगार चालू हाय.”

पुढे एका तरुण प्राध्यापिकेनं पडद्यावर भविष्यातली शेती दाखवली. ड्रोन, सेन्सर, बसल्या जागी मोबाइलवरून पाणी. पोरं मोबाइलमध्ये मान घालून बसली होती, बाप लोक टक लावून बघत होते. तेवढ्यात दादाचा फोन थरथरला. आखाड्यावरून सालगडी बोलत होता, थ्री फेज आली म्हणून. दादानं खुर्चीत बसूनच दुसरा नंबर लावला, तिकडे विहिरीवरच्या स्टार्टरनं फोन उचलला, मोटर चालू झाली. पडद्यावर अजून “नजीकच्या काळात शेतकरी असं करू शकेल” ही ओळ होती. दादानं फोन खिशात टाकला आणि पुढे ऐकू लागला, अगदी मन लावून.

मग आला खरा कार्यक्रम. तो पत्रिकेत ‘पालकांशी संवाद’ असा पाच मिनिटांचा छापलेला होता. मृदाशास्त्राच्या सरांनी माइक हातात घेऊन विचारलं, “पालकांना काही शंका असल्यास विचारा.” त्यांची अपेक्षा फी, होस्टेल, मेस, मुलींच्या होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, अशी असावी. जिंतूरचे गृहस्थ उभे राहिले.

“साहेब, सोयाबीन वरून हिरवंगार हाय, पन शेंगात दाणाच न्हाई. काय झालं असंल?”

सर म्हणाले, हा कार्यक्रम विद्यार्थ्यांसंबंधी आहे, आपण नंतर बोलू. गृहस्थ बसले नाहीत. सर दोन सेकंद थांबले. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, माणूस मोडत चाललाय. “पेरणी कधीची?” त्यांनी विचारलं. झालं. “वाण कोणतं?” “फवारणी कशाची केली?” “पाण्याचा ताण कधी पडला?” पाच मिनिटांच्या संवादाचा बघता बघता शेतकरी मेळावा झाला. माइक रांगेतून फिरू लागला. एकाची तूर मर रोगानं वाळत होती. एकाला गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे कुठे मिळतात ते हवं होतं. सेलूकडच्या एका बाईंनी विचारलं, की पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं तुम्ही सांगता, तो मोजायचा कशानं? सर म्हणाले, पर्जन्यमापक असतो. बाई म्हणाल्या, “आम्ही ढेकूळ फोडून बघतो, वीतभर ओल गेली की झालं. तुमचं ते किती होतं?” सरांनी मनातल्या मनात हिशेब केला, हसले आणि म्हणाले, “तेवढंच होत असावं साधारण.”

कीटकशास्त्राचे सर मागच्या बाजूला उभे होते. त्यांना राहवेना, ते पुढे आले. आणि तेव्हा वहिनी उठली. दिवसभर छातीशी धरलेली फाइल तिनं उघडली आणि नॉन-क्रिमिलेअर व डोमिसाइल यांच्या मधल्या प्लास्टिकच्या कप्प्यातून सोयाबीनची एक डहाळी बाहेर काढली. सकाळी निघताना रानातून आणलेली. खिडकीतल्या बाईंनी कागद तपासताना ती नक्की पाहिली असणार. पण यादीत नसलेल्या कागदाबद्दल विचारायची पद्धत नाही.

सरांनी डहाळी उजेडात धरली. खोडावर बोटभर अंतरानं दोन आडव्या खापा होत्या, अंगठ्या घातल्यासारख्या, आणि वरच्या खापेच्या वरची पानं मान टाकून बसली होती. त्यांनी नखानं खोड उभं चिरलं. आत पोकळ नळी, आणि नळीत पिवळसर, गुबगुबीत अळी, आपल्या घराचं छप्पर गेल्यामुळे अंग आकसून घेत होती. “चक्रीभुंगा,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा आनंद होता, जसा त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही भाषणात नव्हता. त्यांनी पोरांना पुढे बोलावलं. आमचा पुतण्या पहिला. त्यानं वाकून बघितलं आणि “ई” म्हणाला.

वहिनी मला म्हणाली, “भावजी, अळी बघून ई म्हनायलंय, आन् ह्याला अळीचा साहेब करायचाय.”

मला विचाराल तर त्या सभागृहात त्या दिवशी ज्यांना प्रवेश द्यायला हवा होता ती माणसं पुढच्या रांगांत होती. त्यांना प्रश्न होते, नमुने होते, घरचा अभ्यास झालेला होता. पण त्यांच्याकडे सीईटीचा स्कोअर नव्हता.

जेवणानंतर होस्टेल. इथे आई लोकांचं राज्य. वहिनीनं गादी झटकली, खिडकीचा कडीकोयंडा तीन वेळा लावून बघितला, आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू हे सगळं लोखंडी कपाटात अशा क्रमानं लावलं की आधी नासणारं पुढे राहील. खोलीतला दुसरा पोरगा नांदेडकडचा होता. त्याच्या आईनंही हेच केलं होतं. दोन्ही पोरं त्या फराळाच्या हिशेबानं मनातल्या मनात एकमेकांची मैत्री पक्की करत होती.

जिन्यात दोन सीनियर उभे होते. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, भिंतीवर त्याचा मोठा फलक होता, आणि फलकाखालीच उभं राहून त्यांनी पुतण्याला अगदी अदबीनं विचारलं, “इंट्रो दे की, भावा.” पुतण्या काही बोलायच्या आत दादानं दिली. संपूर्ण नाव, मुक्काम पोखर्णी नृसिंह, तालुका जिल्हा परभणी, जमीन किती, विहीर कुठल्या गटात, पाणी उन्हाळ्यात कुठवर उतरतं, सध्या पीक काय. मग त्यानं सीनियरांना विचारलं, “तुमचं?” त्यातला एक गंगाखेडकडचा निघाला. दोघांच्या बापांची बाजारात ओळख निघाली. पुढची पंधरा मिनिटं जिन्यात सोयाबीनच्या भावाची चर्चा झाली आणि रॅगिंगचा विषय मागे पडला तो पडलाच.

आता या पोरांचं पुढे काय होतं ते मी गावात इतरांचं पाहिलेलं आहे. पहिल्या प्रात्यक्षिकाला मातीचा नमुना कसा घ्यायचा ते शिकवतात. इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा, त्याच्या बाजूची माती खरवडायची, मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. पुढे प्रत्येकाला पीक घ्यायला जमिनीचा एक तुकडा मिळतो. ज्या पोरानं घरी ‘अभ्यास आहे’ म्हणून जन्मात खुरपं धरलं नाही, तो होस्टेलवरून सकाळी उठून त्या तुकड्यात तण काढतो, कारण त्याला क्रेडिट आहेत. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. घरचे तो फोटो इतक्या कौतुकानं गावाला दाखवतात, की बघणाऱ्याला वाटावं या घराण्यात पहिल्यांदाच कुणी रानात उतरलं.

सातव्या सत्रात तर कमालच. ग्रामीण कार्यानुभवासाठी पोरं ‘कृषिदूत’ आणि पोरी ‘कृषिकन्या’ होऊन गावोगावी जातात, टोपी घालून, बॅनर घेऊन, शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया करून दाखवतात. बियाण्याला बुरशीनाशक चोळणारा कृषिदूत आणि भोवती हाताची घडी घालून उभे राहिलेले दहा शेतकरी, असा फोटो स्थानिक पेपरात येतो. त्या दहातले आठ जण दर पेरणीला बीजप्रक्रिया करतात. पण पोरगं आपलंच कुणाचं तरी आहे, मार्क मिळायचेत, म्हणून पहिल्यांदाच बघितल्यासारखे डोळे मोठे करून उभे राहतात. उत्तम शेतकऱ्यांचा हा अभिनय मी जवळून पाहिला आहे, त्याला तोड नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरगं घरी आलं की बाप तो प्रश्न विचारणार. आमच्या देवाच्या कथेत तोच आहे. प्रल्हादाला शिकायला शंड आणि अमर्क या गुरूंकडे पाठवलं होतं, शुक्राचार्यांच्या पोरांकडे, म्हणजे संस्था नावाजलेली. सुट्टीत घरी आल्यावर बापानं मांडीवर घेऊन विचारलं, बाळा, काय शिकलास? पोरानं विष्णुभक्ती सांगितली. बाप गुरूंवर उखडला. गुरूंनी हात वर केले, की महाराज, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही. इतकी जुनी पालकसभा मला दुसरी माहीत नाही. आमच्या गावात मागे एका पोरानं सुट्टीत येऊन बापाला सांगितलं, “बाबा, मी एमपीएससी नाही करत. मी शेतीच करतो, शास्त्रीय पद्धतीनं.” ते घर तीन दिवस सुतकात असल्यासारखं होतं. बाप कॉलेजला जाब विचारायला निघाला होता. चौघांनी समजावून त्याला थांबवलं.

संध्याकाळी निघायच्या वेळी प्राचार्य फाटकापर्यंत आले. भला माणूस. कुणाला काही अडचण असेल तर थेट मला फोन करा, म्हणाले. आया पदराला डोळे पुसत होत्या, बाप रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होते. दादा पुढे झाला.

“साहेब, एक इनंती व्हती.”

“बोला ना.”

“दिवाळीच्या सुट्ट्या मोजक्याच असत्यात. तवा आमचा कापूस फुटून पांढरा पडलेला असतो आन् वेचायला मानसं मिळंनात. पोराला आठ दिस जास्तीची सुट्टी भेटंल का?”

प्राचार्य म्हणाले की सुट्ट्या विद्यापीठाच्या शैक्षणिक वेळापत्रकाप्रमाणे असतात, त्यात त्यांना बदल करता येत नाही.

“आसं कसं,” दादा म्हणाला, “शेतीचं कॉलेज हाय ना हे?”

प्राचार्य हसले आणि म्हणाले, “पाटील, तुम्हीच दुपारी म्हणालात ना, की पोराला शेतात घालायचं नाही?”

दादानं जरा विचार केला. “सर्विसला लागल्यावर नाही घालायचं,” तो म्हणाला. “त्याला अजून चार वर्षं हायेत.”